काचेवरचं दूध

पोकलेनच्या काचेवर पांढरा फवारा उडाला. तांदीनं वायपर लावला, तर त्या मेल्यानं पुसायचं सोडून सगळी काच सारवून ठेवली.

तांदीचा दांडीवरचा हात थांबला. समोर वेलींनी आणि बांबूनं गिळून टाकलेलं एक झाड होतं. वरून नुसता हिरवा ढिगारा दिसत होता. बकेटच्या जागी बसवलेल्या दातेरी ड्रमनं शेंड्यापासून त्याचा भुगा करत तो निम्म्यावर आला, आणि आता हे. इतका चीक इकडे एकाच झाडाला. तार्राला. आणि तोराजा मुलखातला माणूस तार्रावर कुऱ्हाड टाकण्याआधी दहा वेळा विचार करतो. दात येण्याआधी गेलेलं मूल जुनी माणसं जमिनीत पुरत नसत. जिवंत तार्राच्या खोडात कोनाडा कोरायचा, मूल आत ठेवायचं, वर ताडाच्या काळ्या काथ्याचं दार लावायचं. झाड वाढतं, दार बुजतं, मूल झाडाबरोबर उंच होत जातं.

"काय झालं रे दादा? झोप लागली का?" लांब उभा असलेला चुलतभाऊ मार्थेन ओरडला.

"अरे, तार्रा आहे हा!"

"मग असू दे की! पोराचं झाड असतं तर पालिंबोंग आजोबांनी लाल फडकं बांधलं नसतं? गावातली असली झाडं म्हाताऱ्यालाच ठाऊक, काल अख्खा उतार पालथा घातलाय त्यानं. आटप बाबा, नाहीतर पाहुणे काय तुझ्या डोक्यावर बसवायचे?"

बोलणं टोचणारं होतं, पण खोटं नव्हतं. तांदीचे वडील दोन वर्षं घरात आजारी होते. म्हणजे गेलेच होते. पण अंत्यविधी होईपर्यंत गेले म्हणायचं नसतं, ताटही रोज वाढायचं असतं. आता बळीचे रेडे ठरले होते, दिवस ठरला होता, गावोगावची माणसं येणार होती. त्यांचे मांडव घालायला हा एवढा उतारच होता. तो मोकळा झाला नाही तर बापाचा निरोप अडणार, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

शिवाय तांदीनं घरोघर विचारलंही होतं. आईलासुद्धा. "आई, उतारावर आपलं कोणी आहे का गं?" म्हातारी तांदूळ निवडत होती. "मी तिकडं बघत नाही," एवढंच म्हणाली.

त्यात नवल ते काय! ती तिकडं कधीच बघत नसे. बाजाराला जायची तीसुद्धा डोंगराला वळसा घालून. उताराच्या वाटेवर रांतेंचं घर होतं आणि एका डुकरावरून तिचं त्यांच्याशी वाजलं होतं, असं सगळं गाव धरून चाललेलं. पन्नाशीला आलेला तांदी अजून तिला चिडवायचा, "एका डुकरापायी किती चपला झिजवशील गं?"

त्यानं दांडी पुढं लोटली.

ड्रम खोडात घुसला. दूध, साल, भुगा, सगळं उडायला लागलं. मग एकदम आवाज बदलला. करकर थांबून काहीतरी चिवट ओढल्यासारखी फरफर झाली, आणि ड्रमभोवती काळे केस गुंडाळले गेले.

तांदीनं इंजिन बंद केलं. ड्रम पुरता थांबल्याशिवाय खाली उतरायचं नसतं. ते क्षण त्यानं कसे काढले त्याचं त्यालाच माहीत. उतरून जवळ गेला. केस नव्हते. काथ्या होता. दाराचा काथ्या.

"देवा रे!" मार्थेन धावत आला. "पण फडकं नव्हतं ना रे? तूच सांग, नव्हतं ना?"

तांदी भुग्यात गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला. काही नव्हतं. हाड नाही, चिंधी नाही. नुसतं ओलं लाकूड आणि कोपरापर्यंत पांढरा चीक. कुणाचं लेकरू होतं हे? आता कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि काय म्हणायचं?

"दादा," मार्थेन पुटपुटला, "ते बघ."

आई येत होती. उताराच्या वाटेनं. रांतेंच्या दारावरून.

ती येऊन खोडापाशी उभी राहिली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. तांदी भुग्यातून उठला.

"चुलीपाशी ऊन आलं," ती म्हणाली. "कधी येत नव्हतं, झाड आड असायचं. म्हणून बघायला आले."

"आई... आपलं होतं?"

"आईनं वर्षभर या झाडाकडं बघायचं नसतं. मला पुढंही धीर झाला नाही. फडक्याचं म्हणशील, तर तुझ्या बापानं आजोबांना कधीतरी सांगितलं असेल, असं धरून बसले मी."

"पण होतं कोण? थोरला तर मीच ना?"

आईनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. चिकानं पांढरेफेक झालेले ते हात ती आपल्या नेसूच्या टोकानं पुसायला लागली. चीक काही निघेना.

"दोघं होतात तुम्ही," ती म्हणाली. "माझं दूध एकापुरतंच होतं रे. ते तू प्यालास. तो गेला, तेव्हा त्याला या झाडाकडं प्यायला दिला."