पोर्ट सतरा

आगाशीचा स्विच पुन्हा लाल झाला होता.

विनिताने पर्स टेबलावर ठेवण्याआधीच पडदा पाहिला. वसई ते विरार, घरोघरी नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या पेट्या, म्हणजे सेहेचाळीस स्विच. पंचेचाळीस हिरवे. कुठल्या पोर्टला, म्हणजे कुठल्या गिऱ्हाइकाच्या जोडणीला, कुठली सेटिंग, याची प्रोफाइल मुख्य सर्व्हरवर होती. स्विच आणि प्रोफाइल जुळले की हिरवा, जरा फरक पडला की लाल. आगाशीत फरक एकाच जागी पडायचा, पोर्ट सतरावर. रोज सकाळी सात दहाला कुणीतरी आत शिरून सात ओळी टाकत होतं आणि पोर्टला दोन वर्षांपूर्वीच्या सेटिंगवर नेऊन बसवत होतं.

त्या पोर्टवर पाच महिन्यांपूर्वी एक दवाखाना आला होता. तो साडेसातला उघडायचा. विनिता आठला पोचून दुरुस्ती करीपर्यंत त्यांचं नेट बंद. तिथली बाई रोज फोन करायची. आधी विनंती करायची, मग ओरडायची, आता नुसती "झालं सुरू" म्हणून ठेवून द्यायची. ते विनिताला जास्त लागायचं.

स्विच जुना होता. नोंदीत वेळ लिहायचा, कोण शिरलं ते लिहीत नव्हता. सगळ्यांचा एकच पासवर्ड, आणि आगाशीचा पासवर्ड तिघांनाच ठाऊक होता. विनिताला, तिच्यासोबत काम करणाऱ्या ॲल्रॉयला आणि रामनाथांना. रामनाथ विनिताचे वडील. आगाशीचं जाळं त्यांनीच विणलं होतं. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

राहिला ॲल्रॉय. त्याला रामनाथांनीच हाताला धरून शिकवलं होतं.

पासवर्ड बदलून टाकू, असं विनिता चारदा म्हणाली. साहेब हरेश ऐकायला तयार नव्हते. बदलला की चोर सुटला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी लॉगचे कागद छापून घेतले होते आणि त्यातल्या चार तारखांवर लाल गोल केले होते. पाच महिन्यांत त्या चार दिवशीच पोर्ट सतरा जागेवर राहिला होता.

"त्या चार दिवशी ॲल्रॉय रजेवर होता," हरेश म्हणाले. "अजून काय पाहिजे? शुक्रवारी दहा वाजता कामावरून काढल्याचं पत्र देतो हातात."

रजा खरी होती. ॲल्रॉयची बहीण ब्रिटनी, तिचं लग्न होतं. विनिताला ते आठवत होतं, कारण तिला जाता आलं नव्हतं. त्याच दिवसांत गिरीजला धाकट्या बहिणीच्या, स्वप्नाच्या, मुलाचं बारसं होतं. आई चार दिवस तिकडेच राहिली होती आणि विनिता आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये एकटी डबे भरून कामावर येत होती.

तिने ॲल्रॉयला चहाच्या टपरीवर गाठलं.

"ताई, सात दहाला मला आमचा कोंबडा पण उठवू शकत नाही," तो म्हणाला. मग हसू गिळून म्हणाला, "काकांनी लावलेला पोर्ट मी कशाला बिघडवू?"

तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. पण विश्वास छापून हरेशसमोर ठेवता येत नव्हता.

हरेश दुष्ट नव्हते. त्यांना रामनाथांची जरब होती, गेल्यावरही. मधुमेहाने शेवटची दोन वर्षं रामनाथांना नीट दिसत नव्हतं, घरूनच काम करायचे, तरी आगाशीत एका अक्षराची चूक सापडली नाही, हे हरेश नव्या माणसांना सांगायचे. विनिता त्या दोन वर्षांत पुण्याला नोकरीत होती. बाबांची बोटंच बघत असतील, असं तिने मनाशी धरलं होतं. विचारायचं राहून गेलं.

मागे हरेशनी बाबांकडचा कंपनीचा लॅपटॉप परत मागितला होता. आई म्हणाली, वर्षश्राद्धापर्यंत राहू दे. तो बाबांच्या चष्म्याशेजारी फळीवर होता. त्याला हात लावायची विनिताचीही हिंमत झाली नव्हती.

शुक्रवारी ती सातला घराबाहेर पडली. नेहमीप्रमाणे आई देवघरात होती. रिक्षाच्या रांगेत उभी असताना तिला बाबांची वही आठवली. प्रत्येक पोर्टची हकीकत ते त्यात लिहून ठेवायचे. सतराला ही सेटिंग का होती, एवढं कळलं तरी दहा वाजता बोलायला काहीतरी हाताशी येईल. दोनदा मागितली तेव्हा आईने "संध्याकाळी देते" म्हणून टाळलं होतं.

ती माघारी वळली. किल्लीने दार उघडलं. घरात उदबत्तीचा वास होता. आईची पोथी चालू होती, तोच खालचा, एकसुरी आवाज. विनिता चपला काढून वहीसाठी फळीकडे गेली. फळीवर चष्मा तेवढा होता.

मग तिला आवाजातले शब्द ऐकू आले.

"आय… एन… टी… जागा… एक… सात…"

आई पाटावर बसली होती. समोर चौरंग, चौरंगावर उघडा लॅपटॉप, त्याच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट. मांडीवर बाबांची वही. पानावर आईच्या गोल अक्षरात एकाखाली एक सात ओळी, इंग्रजी अक्षरं देवनागरीत फोडून लिहिलेली. आई एक अक्षर वाचत होती, एक बोट टेकवत होती. ओळींच्या खाली लिहिलं होतं: हे सांगतात तसं. रोज. आंघोळ करून.

भिंतीवरच्या घड्याळात सात दहा झाले होते.

"आई."

"मध्ये बोलू नकोस, सहावी ओळ आहे," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "दोन वर्षं यांच्यासाठी मीच टाकत आले. हे गेले तरी नेम मोडला नाही माझा. बारशाचे ते चार दिवस तेवढे चुकले."