बेटावरून फोन

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून सुनेनं एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. शेवटी नणंदच राहायला आली. "वहिनी, तू आठवडाभर कुठेतरी समुद्रावर जाऊन नुसती पडून राहा. आईचं मी बघते."

बेटावरचं ते गाव निवांत होतं. लख्ख ऊन, रिकामे रस्ते, खिडकीतून समुद्र. तरी सासूबाईंना कूस बदलून द्यायची वेळ झाली म्हणून ती पहाटेच दचकून उठायची. दिवसा वाळूतल्या खुर्चीवर अंग टाकलं, तरी डोळ्याला डोळा लागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी नणंदेशी फोनवर बोलताना तिला मागून सासूबाईंचं कण्हणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं.

"आईंना फोन दे," ती म्हणाली. "आई, फार दुखतंय का? मी आजच्याच बोटीनं निघते."

"नको गं बाई. दुखणं जुनंच आहे."

सासूबाई पुढे म्हणाल्या,


"तुझा दमलेला चेहरा समोर असला की कण्हायचीही चोरी व्हायची. राहा अजून चार दिवस."