मावळतीचा वाटा

सरूबाई बाथरूमच्या फरशीवर बसून भिंतीची कड घासत होती. फरशी आणि टाइल्स जिथे मिळतात तिथे सिलिकॉनची पांढरी पट्टी भरलेली होती. पांढरी म्हणजे पाच वर्षांपूर्वी, घर बांधलं तेव्हा. आता तिच्यावर काळी बुरशी ठाण मांडून बसली होती. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडून आणलेली, टाकीचं पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर सरूबाईने पाण्यात कालवली. जुन्या धोतराच्या चिंध्या तिच्यात भिजवून पट्टीवर अंथरल्या, दोन तास तशाच ठेवल्या आणि मग दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायला घेतलं. डोळे चुरचुरत होते. गुडघे तर कधीचेच बोंबलत होते.

"रविवारी नवसू येतोय. चकाचक दिसली पायजे," तिचा नवरा दादाभाऊ दारातून म्हणाला.

"आन् उगवतीकडच्या बाथरूमचं काय?"

"ती ऱ्हाऊ दे."

नवसू हा दादाभाऊचा धाकटा भाऊ. सरूबाई लग्न होऊन अवसरीत आली, त्याच वर्षी सासू गेली. तेव्हा नवसू सहा वर्षांचा होता. अंगावरची हळद उतरायच्या आत तिला एवढा मोठा मुलगा झाला, अशी आळीतल्या बायका तिची थट्टा करायच्या. आता तोच नवसू भोसरीच्या कंपनीतलं काम सोडून बायकापोरांसकट कायमचा गावी यायचा होता, म्हणून रविवारी घराची वाटणी ठरली होती. भाऊ घरी येतोय याची नवऱ्याला हौस आली असेल, असं सरूबाईला वाटलं. तिने ब्रशला आणखी जोर लावला. दिवस मावळायला पट्टी दुधासारखी झाली.

रविवारी सकाळी पडवीत सतरंजी टाकली. दोघा भावांचे सावळेराम मामा वाटणीला साक्षी म्हणून मधोमध बसले. दादाभाऊने वाटे सांगितले. उगवतीच्या तीन खोल्या आणि बाथरूम हा एक, मावळतीच्या तीन खोल्या आणि बाथरूम हा दुसरा. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही आमच्याकडची रीत. वाटे पाडणाऱ्याने लबाडी करू नये म्हणून जुन्या शहाण्यांनी ती घालून दिली. पण त्या शहाण्यांच्या वेळी बाथरूम नव्हत्या.

पट्टी घासून घेण्यामागचा डाव सरूबाईच्या आता ध्यानात आला. मावळतीच्या बाथरूमवर पाण्याची टाकी होती आणि टाकीचं पाणी भिंतीत झिरपत होतं. बुरशी वरून कितीही घासा, पंधरा दिवसांत ती आतून पुन्हा येणार. हे घरात तिला आणि नवऱ्याला, दोघांनाच ठाऊक होतं. ती ओली भिंत नवसूच्या गळ्यात घालायची होती, आणि तिला गोरीगोमटी करून घेतलं होतं सरूबाईच्याच हातून. सव्वीस वर्षांचा संसार, पण हे ठरवताना नवऱ्याने तिला शब्दानेही विचारलं नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि गळा ज्याचा कापायचा तो तिने वाढवलेला पोर होता.

"नीट बघून घे बाबा," मामा नवसूला म्हणाले. "मागनं कुरकुर नको."

नवसू आधी उगवतीच्या खोल्या हिंडून आला. मग मावळतीच्या. सरूबाई बाथरूमच्या दाराशी उभी होती. तो आत गेला, उकिडवा बसला, पांढऱ्या पट्टीवरून त्याने बोट फिरवलं आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"वयनी, ही बाजू बरी हाय ना?"

पडवीतून दादाभाऊ तिच्याकडे एकटक बघत होता. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पोराचं, आदेशचं लग्न काढायचं होतं. नवी सून ओल्या भिंतीच्या घरात आणायची का, हा विचार नेमका त्याच वेळी आडवा आला. नवऱ्याचा तिला इतका संताप आला होता, तरी तोंडातून निघालं ते त्याच्याच मनासारखं.

"बरी हाय की," ती म्हणाली.

पडवीत येऊन त्याने मामांना सांगितलं, "मावळतीचा माझा." दादाभाऊने भावाच्या पाठीवर थाप मारली. मामांनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

सरूबाई चहा टाकायला आत आली. मागोमाग नवसू आला आणि चुलीपाशी उभा राहिला.

"वयनी, दर सणाला आलो की ती बुरशी मीच घासून जायचो," तो हळूच म्हणाला. "तुमचं गुडघं दुखत्यात म्हणून. भिंत पाझरती, ते मला लई दिसांपासनं ठाव हाय."

सरूबाईने हातातली बशी खाली ठेवली. तिला वाटायचं, सणाला आली की जाऊच ती पट्टी घासून जाते.

"मग कशाला उचललास ह्यो वाटा?"

"दादा काय हातात ब्रश धरणार न्हाई. जल्मभर तुमालाच घासावं लागलं असतं. भोसरीवरनं निघालो तवाच ठरवलं व्हतं, ह्योच घ्यायचा."

सरूबाईला रडू फुटलं. नवऱ्याने फसवलं, मला काही माहीत नव्हतं, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण ते अर्धंच खरं होतं. नवसूने चहाचा ट्रे तिच्यासमोरून उचलला आणि उंबऱ्यापाशी पाठमोराच थांबला.

"मघाशी मी भिंतीचं न्हवतं इचारलं, वयनी. तुमी मला खरं सांगता का, ते इचारलं."