जुन्या हॉलची परीक्षा

नगरपालिकेने आमचा जुना हॉल पाडायला काढला. म्हणजे आमचा जिम्नॅस्टिक्सचा क्लास कायमचा बंद! पाहणीला आलेले इंजिनिअरसाहेब भिंतीला बोटही न लावता माझ्या आत्याला म्हणाले, "मॅडम, ही इमारत आज पडेल की उद्या, काही भरवसा नाही."

आत्या आमची कोच. तिने ट्रॅकसूटच्या बाह्या सरसावल्या. "मग उद्याची वाट कशाला बघायची? पोरींनो, मारा उड्या!"

आम्ही सगळ्याजणी जीव खाऊन उड्या मारायला लागलो. साहेब तर दार गाठून मोकळे! पण हॉलचा साधा पोपडासुद्धा निघाला नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून धाडकन आवाज आला. तिथे नगरपालिकेचं नवंकोरं ऑफिस आहे, गेल्याच वर्षी फीत कापलेलं. नगराध्यक्षांच्या केबिनचं छत त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसलं होतं.

आत्या म्हणाली, "बोला साहेब, आता काय पाडायचं?"

संध्याकाळी दारावर नोटीस लागली.



"जुना हॉल शेजारच्या नवीन इमारतीस धोकादायक असल्याने तातडीने पाडण्यात येत आहे."