सौरभच्या पाण्याचा नमुना

मे महिन्यात सौरभनं जीव दिला. वर्षभरानं एक कॉलेजची पोरगी घरी आली. आत्महत्या झालेल्या घरांतलं पाणी ती तपासत होती. पाण्यातले क्षार आणि ऊन माणसाच्या मनाचं काय करतात, हा तिचा अभ्यास. तिनं नमुन्याची बाटली पुढं केली. “काकी, तुमचा मुलगा प्यायचा ते पाणी द्या.” मी नळ सोडलाच नाही. तिला घेऊन अंधेरीच्या शोरूमवर गेले. सौरभ तिथं दारावर बारा तास उन्हात उभा असायचा. घरची बाटली अकरालाच संपायची. आतल्या कूलरखाली मी नमुन्याची बाटली धरली. मॅनेजरनं नळावर हात ठेवला. “मावशी, हे कस्टमरसाठी आहे. वॉचमनलासुद्धा देत नाही आम्ही.” मी बाटली तशीच घट्ट बंद करून पोरीला दिली. “काकी, रिकामी कशी तपासू?” “वर सौरभचं नाव लिही. तो दिवसभर हेच प्यायचा.”