शनिवार-रविवारचं वजन

"ब्याऐंशी," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि फाइलमध्ये तोच आकडा पंचविसाव्यांदा लिहिला.

काका काट्यावरून हळूच उतरले. नापासाचं प्रगतिपुस्तक सहीसाठी आणलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"सोमवार ते शुक्रवार काय खाल्लं?"

"तुम्ही लिहून दिलंत तेच. सकाळी ओट्स, दुपारी उकडलेल्या भाज्या, संध्याकाळी सूप. तळलेलं नाही, गोड नाही."

"आणि चालणं?"

"रोज सहा किलोमीटर. पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. एक दिवस चुकवला नाही."

"मग शनिवार-रविवार?"

काकांनी मान खाली घातली. "लेकीकडे असतो ना. ती ऐकतच नाही. म्हणते, बाबा, एवढा एकच घास. नातू मांडीवर बसून आइस्क्रीम भरवतो. त्याला नाही कसं म्हणू?"

"पाच दिवसांच्या मेहनतीवर दोन दिवसांत पाणी फिरवता, काका."

बाई चांगली दहा मिनिटं बोलल्या. काका ती बोलणी अशी ऐकत होते, जणू कुणी त्यांचं कौतुकच करतंय.

पहिल्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "मी किती दिवस यायचं?" बाई म्हणाल्या होत्या, "बहात्तर झालं की सुटलात. मग फाइल बंद." वर आपला स्वतःचा नंबर असलेलं कार्डही दिलं होतं. अडचण आली तर फोन करा म्हणून. काकांनी कधी केला नाही. मी मोबाइल वापरत नाही, असं ते सांगत. फाइलमध्ये त्यांच्या घरचा नंबर होता आणि लेकीचा मोबाइल. बाईंनी दोनदा लेकीला फोन करायचं ठरवलं, तर काकांनी हात जोडले. तिला वाईट वाटेल म्हणाले.

दवाखान्यात सगळे त्यांना 'ब्याऐंशी काका' म्हणायचे. बाकीच्यांचं वजन दर आठवड्याला पावशेर-अर्धा किलो इकडे-तिकडे व्हायचं. यांचं जागचं हलत नव्हतं. मध्यंतरी बाईंना काट्याचीच शंका आली. काकांनी चष्मा लावून, गुडघ्यावर बसून काटा तपासून दिला. चाळीस वर्षं त्यांनी वजनकाट्यांची दुरुस्ती केली होती.

"काटा चोख आहे, बाई. काटा कधी खोटं बोलत नाही."

त्यांना थंडी बाधायची. जाड कोट बारा महिने अंगावर. बाई कोटाचा एक किलो सोडून आकडा लिहायच्या. कोटामुळे की वयामुळे कोण जाणे, काका अलीकडे जरा वाकून चालत. पट्ट्याला दाभणाने पाडलेली नवी भोकं बाईंनी पाहिली होती. पट्टा जावयाचा आहे, असं काका म्हणाले. बाईंनी विश्वास ठेवला. त्यांना त्या घरातलं सगळंच आवडायचं. त्या स्वतः दोन खोल्यांत एकट्या राहत आणि रविवारी ओट्याशी उभ्यानेच जेवत. आणखी एक घास म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

त्या दिवशी बोलणी संपली तरी बाईंनी फाइल मिटली नाही.

"काका, एक सांगायचंय. सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर फाइल बंद करायची असा इथला नियम आहे. पुढच्या सोमवारी सहा महिने होतात."

काकांचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे यायचंच नाही?"

"माझ्या हातात असतं, तर मी बंद केली नसती."

काकांनी काट्याकडे बघितलं. "आणि तीन किलो कमी झालं तर?"

बाईंना हसू आलं. "एका आठवड्यात तीन किलो कुणाचं उतरत नाही, काका."

पुढच्या सोमवारी बरोबर तीन किलो उतरलं.

बाईंनी काकांना दोनदा काट्यावर चढवलं, दोनदा उतरवलं. एकोणऐंशी. "काय केलंत?"

"या वेळी लेकीकडे गेलोच नाही," काका म्हणाले. ते डोळे पुसत होते.

सहामाही तपासणी म्हणून रक्तदाब घ्यायचा होता आणि कोटाची बाही वर सरकेना. काका थोडे घुटमळले. मग त्यांनी स्वतःच कोट काढला, सावकाश घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. आतला शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. वय झालं की माणूस असाच दिसायला लागतो, असं बाईंच्या मनात आलं.

"फाइल आणखी सहा महिने चालू," त्यांनी सांगितलं.

काकांना इतका आनंद झाला, की ते बाईंच्या डोक्यावर हात ठेवून तडक निघाले. ताठ चालत, गुणगुणत. कोट खुर्चीवरच राहिला.

बाईंनी तो एका हाताने उचलायला घेतला. उचलला गेला नाही. दोन्ही हात लावावे लागले. अस्तराला आतून हाताने शिवलेले कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एकेक पितळी वजन होतं. बाईंनी कोट काट्यावर ठेवला. कोटाचा एक किलो सोडून उरले सात.

एकोणऐंशीतून सात गेले, म्हणजे बहात्तर.

त्यांना संताप आला. सहा महिने त्या घसा कोरडा करत होत्या आणि हा माणूस त्यांची चेष्टा करत होता. कशासाठी? घरच्या नंबरावर कुणी उचलेना. काका अजून रस्त्यातच असणार. मग त्यांनी आपल्या मोबाइलवरून लेकीचा नंबर लावला. वडिलांचे हे प्रताप तिला तरी कळायला हवे होते.

कोटाच्या खिशात फोन वाजायला लागला.

बाईंनी तो बाहेर काढला. पडद्यावर त्यांचाच नंबर होता आणि वर नाव लिहिलेलं होतं, लेक.