चारशे बारा खुणा

“रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे,” कंपनीचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

क्रेनवाल्याने तो उचललासुद्धा नाही. “डॉक्टर, आज चारशे बारा दिवस झाले. थेंब घेतलेला नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

“परवा रक्त काढताना तुमच्या माणसाने स्पिरिटचा बोळा फिरवला होता. त्याचं काही...”

“बोळ्याने हे येत नाही. खोकल्याच्या औषधाच्या दोन चमच्यांनीही नाही. तोंडाचा वास जातो, पण दारूची ही खूण रक्तातल्या तांबड्या पेशींत बसते. तीन-चार आठवडे हलत नाही. माणूस खोटं बोलेल, पेशी बोलत नाहीत.”

हे वाक्य त्यांनी याआधीही बऱ्याच जणांना ऐकवलेलं असावं. फार सफाईने आलं.

बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनची केबिन सव्वा वर्षापूर्वी त्याच्याकडून काढून घेतली होती, दारूपायीच. तेव्हापासून तो खाली गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता आणि मान वर करून केबिनकडे बघत होता. अट सरळ होती. वर्षभर कोरडं राहायचं, शेवटची रक्ततपासणी साफ आली की केबिन परत. नाही आली तर नोकरीच संपली.

“उद्या चार वाजता फाइल वर जाईल,” डॉक्टर म्हणाले. “काही सांगायचं असेल तर त्याआधी या.”

घरी बायकोने कागद वाचला. कपाटामागे पाहिलं, पिठाच्या डब्यात हात घातला, मग फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं. एके काळी तिथेच सापडायची. त्याने स्वतःच तिला बॅटरी धरली. टाकीत फक्त पाणी होतं. तरी तिचा चेहरा मोकळा झाला नाही, आणि त्याला तिच्यावर रागावताही येईना. राग येण्याचा हक्क त्याने कधीच पिऊन टाकला होता.

राहिली ताई.

ताई शाळेत मुख्याध्यापिका. ती व्हरांड्यात आली की पाखरंसुद्धा रांगेत बसतात, असं शिपाई म्हणायचे. त्याने सोडली त्या दिवशी घरातल्या सातही बाटल्या तिनेच पिशवीत भरून नेल्या होत्या. “ह्यांची विल्हेवाट मी लावते. तुझ्यावर माझा काडीचा भरवसा नाही.” मग रोज संध्याकाळी सातला फोन. ती विचारायची, “आज?” तो म्हणायचा, “आज नाही.” मग ती वहीत बरोबरची खूण करायची. आठनंतर मात्र फोन करायचा नाही. ताई लवकर झोपते.

पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या पोटातला जुना अल्सर फुटला, तेव्हाही तीच धावली. त्याच्या गटाचं रक्त कुठे मिळेना, म्हणून तिने हात पुढे केला. “मुख्याध्यापिकेची बाटली चढलीय, आता तरी अंगात शिस्त उतरेल,” असं म्हणून तिने अख्ख्या वॉर्डला हसवलं होतं.

तो पोचला तेव्हा साडेआठ झाले होते. बेल तीनदा वाजवावी लागली.

“एवढ्या उशिरा?” ताईने दार उघडलं. तोंडात नेहमीची लवंग होती. एक हात दाराच्या चौकटीवर घट्ट होता.

त्याने सगळं सांगितलं. ताईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

“ही खूण असते कुठे?”

“तांबड्या पेशींत म्हणे.”

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“तू घेतलेली नाहीस,” ती म्हणाली.

“तुला काय माहीत?”

“मला माहीत आहे.”

एवढ्यावरच त्याला रडू फुटलं. बायकोने विश्वास ठेवला नाही, डॉक्टरने नाही, आणि ज्या बाईचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता तिने एका दमात ठेवला. केबिन गेली तरी चालेल, असं त्याला क्षणभर खरंच वाटून गेलं.

“रडू नकोस. आज फोन केला नाहीस.”

“आज नाही, ताई.”

तिने वही काढून खूण केली. वेडीवाकडीच आली. अलीकडे तशाच यायच्या. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणायची.

“उद्या मी येते तुझ्याबरोबर. वही घेऊन.”

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती दवाखान्याच्या पायरीवर त्याच्याआधी हजर. चेहरा ओढलेला, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा. तोंडात लवंग नव्हती.

“शाळा?” त्याने विचारलं.

“महिनाभराची रजा टाकलीय. चल आत.”

डॉक्टरांनी वही चाळली. “मॅडम, भावावर माया असते, समजतं मला. पण वही म्हणजे काही पुरावा नाही.” मग ते शेवटच्या पानाशी थांबले. चष्मा कपाळावर चढवला. “हे काय? चारशे बारा खुणा झाल्या आणि पुढच्या पानावर आजची तारीख, ‘दिवस पहिला’. म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून! याने घेतली होती, हे तुमच्याच हस्ताक्षरात आहे की!”

क्रेनवाल्याने ताईकडे पाहिलं. ताई त्याच्याकडे बघत नव्हती.

तिने बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि थरथरता हात टेबलावर ठेवला.

“ते पान माझं आहे, डॉक्टर,” ती म्हणाली. “आणि त्याला चढवलेलं रक्तही माझंच होतं.”